सगुणाबाईचं नाक

पडदा वर जातो. सोनपेठचा आठवडी बाजार. डाव्या विंगेत बांगड्यांची गाडी, उजव्या विंगेत लाल मिरचीचे ढीग, आणि पाठीमागे गंगाखेडला निघालेली एसटी धूर सोडत उभी. मध्यभागी, आमच्या नाटक कंपनीत जिथे नायक उभा राहायचा नेमकं तिथे, एक भट्टी. भट्टीवर लोखंडी कढई आणि कढईमागे लाकडी पाटावर बसलेली साठीची बाई. डोक्यावरून पदर, कपाळावर हिरवं गोंदण, उजव्या हातात झारा. शेजारचा जिलेबीवाला घसा फाडून ओरडतोय. ही मात्र मिरच्या पिठात बुडवून तेलात सोडते आणि गप्प बसते.

इतक्यात एक हॉटेलवाला येतो. त्याच्या हातात झाकण लावलेला तांब्या, तांब्यात कालचं तळणाचं तेल. तो बोलत काहीच नाही, नुसतं झाकण काढून तांब्या तिच्या तोंडापुढे धरतो. ती कढईवरची नजरसुद्धा काढत नाही. माशी हाकलावी तशी मान जराशी वळवते आणि म्हणते, "आखाला घाला."

हॉटेलवाला तोंड पाडून माघारी जातो. प्रवेश संपला.

ही सगुणाबाई. 'आखाला घाला' म्हणजे हे तेल आता बैलगाडीच्या आखाला वंगण म्हणून घालायच्या लायकीचं, माणसाच्या पोटात घालू नका. तेल चांगलं असलं तर ती म्हणायची, 'चालंल.' मधलं असलं तर, 'आज चालंल, उद्या न्हाई.' आणि तिसरा निकाल हा आखाचा. त्यावर अपील नव्हतं. हॉटेलवाले, फरसाणवाले, लग्नाचे आचारी, सगळे तिच्याकडे तांब्या घेऊन यायचे आणि ती सांगेल ते मुकाट्यानं ऐकायचे.

बाजार असो नसो, तिची भट्टी रोज पेटायची आणि मी रोज संध्याकाळी तिच्या शेजारच्या बाकड्यावर बसायचो. माझी ओळख थोडक्यात देतो. तंबूतल्या एका फिरत्या नाटक कंपनीत मी बावीस वर्षं काढली. आधी विंगेत उभा राहून नटांना भाषणं पुरवणारा प्रॉम्प्टर, आणि नंतर स्वतः नट. कंपनी मोडली, तंबू फाटला, आणि लोकांच्या तोंडी 'मास्तर' ही हाक तेवढी राहिली. ही गोष्ट सगुणाबाईची आहे. माझं त्यात काही नाही असं मला बरेच दिवस वाटून घेता आलं. आता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

तिचं माहेर राणीसावरगावकडचं. बापाचा लाकडी तेलघाणा होता. करडी, शेंगदाणा, तीळ. बाप लहानग्या सगुणाला पोत्यांच्या रांगेतून डोळे मिटून चालवायचा आणि विचारायचा, कुठल्या पोत्याला ओल लागलीय? चुकली तर पुन्हा पहिल्या पोत्यापासून. सात वर्षांची होईपर्यंत ती चुकायची थांबली होती. पुढे लग्न झालं. नवरा सिताराम फार लवकर गेला. पदरात एक मुलगी, रेणुका. भज्यांच्या कढईवर सगुणाबाईनं तिला वाढवलं, शिकवलं आणि चारठाण्याला दिली.

पाच-सहा वर्षांमागं परभणीहून अन्नतपासणीची एक गाडी आली होती. गाडीत प्रियांका नावाची तरुण मुलगी. तिच्याकडे लांब दांडीचं एक यंत्र. दांडी गरम तेलात बुडवली की वर आकडा उमटायचा. तेल पुन्हापुन्हा तापवलं की आतून मोडतं, ते मोडणं यंत्राला कळतं. आकडा पंचवीसच्या वर गेला की ते तेल वापरायचं नाही, असं तिनं सगळ्यांना न चिडता समजावून सांगितलं.

जिलेबीवाला म्हणाला, "मॅडम, असलं मशीन आमच्याकडं पयल्यापासून हाय. पदर घेऊन बसलंय ते बगा."

झालं, बाजाराला तमाशा मिळाला. नऊ ठिकाणचं तेल आणलं गेलं. सगुणाबाईनं एकेक हुंगून निकाल द्यायचा, मग प्रियांकानं ते तापवून दांडी बुडवायची. आठ निकाल बरोबर निघाले. नवव्याला सगुणाबाई म्हणाली होती, "आज चालंल, उद्या न्हाई." यंत्रावर आकडा आला चोवीस. लोकांनी शिट्ट्या मारल्या. प्रियांका हसत हसत म्हणाली, "आजी, तुमचं नाक आम्हाला देऊन टाका."

"न्या की," सगुणाबाई म्हणाली, "सर्दीसकट न्या."

पण तिचा खरा मान बाजारात नव्हता, तो होता सप्त्यात. आमच्याकडे गावोगाव सात दिवसांचं भजन-कीर्तन होतं आणि शेवटच्या दिवशी काल्याची पंगत बसते. त्या पंगतीच्या पुऱ्यांना गावातलं प्रत्येक घर तेल देतं. कुणी तांब्याभर, कुणी किटली, कुणी अख्खा डबा. सगळं तेल एकाच पिंपात ओतायचं, देवाच्या कढईत कुणाचं तेल वेगळं ठेवायचं नाही, अशी रीत. आता एका घरचं खवट तेल पिंपात पडलं की सगळंच पिंप गेलं. म्हणून पिंपाजवळ सगुणाबाई. आसपासच्या आठ-दहा गावांतून तिला बोलावणं यायचं. मोठ्या शेतकऱ्याची बायको असो की रोजानं जाणारी, प्रत्येकीचं तेल आधी सगुणाबाईच्या नाकाखालून जायचं आणि मग पिंपात. आणि पंगत बसली की पहिली पुरी तिच्या ताटात पडायची. नवरा गेलेल्या बाईला हळदीकुंकवाला उंबऱ्यातूनसुद्धा कुणी हाक मारत नाही, अशी ती गावं. त्या गावांत पहिली पुरी तिची. तिच्या आयुष्यात मिरवायला एवढं एकच होतं, आणि तेही ती मिरवत नसे.

मग कोरोना आला. दुसऱ्या लाटेत ती बारा दिवस घरात पडून होती. उठली, पुन्हा भट्टी पेटवली. सगळं पहिल्यासारखं दिसत होतं.

एका संध्याकाळी मी बाकड्यावर बसलो होतो. तिच्या पाठीमागे ठेवलेली प्लास्टिकची पिशवी भट्टीला चिकटून वितळायला लागली. असा घाण वास सुटला की रस्त्यावरचे लोक नाक दाबून पळायला लागले. सगुणाबाई शांतपणे मिरच्यांना चिरा देत होती.

मी तिच्याकडे बघत राहिलो. तिनं माझी नजर पाहिली, मागे वळली, धूर दिसला, पिशवी ओढून पायाखाली विझवली. पुन्हा पाटावर बसली.

"मास्तर, कुनाला सांगू नगा."

"कधीपासून?"

"दुखन्यापासून. सा म्हैने झाले. समद्यांचा वास वापस आला म्हनं. माझाच कुठं वाट चुकला काय की."

"डॉक्टर काय म्हणतो?"

"म्हनला, यील. रोज सकाळी उठून हिंग हुंगायलेय. हिंगाला बी दया यीना."

"मग इतके दिवस तेलाचं कसं सांगता?"

तिनं पिठाचा एक ठिपका कढईत टाकला. "हे बगा. फेस मोठा हाय, फुटायलाय, विरायलाय. हे तेल जितं हाय. थकलेलं तेल असलं की बारीक फेस व्हतो, साबनासारखा वर चढतो, खाली बसत न्हाई. धूर लौकर निघतो. बोटात धरलं तर तार धरतं. गरम तेलाचं मी डोळ्यानं सांगते. पर सप्त्यात गार तेल यीतं, मास्तर. पिंपापाशी कढई कुठून आनू? आन् प्रत्येकीचं तांब्याभर तेल तापवीत बसले तर पंगत कवा बसायची?"

"सांगून टाका ना मग लोकांना."

"सांगितलं की मी भजीवाली," ती म्हणाली. "बास. मग कोन कशाला बोलावतंय?"

इथे मी काय म्हणायला हवं होतं ते मला आज नीट माहीत आहे. म्हणायला हवं होतं, बाई, तरी सांगा. पण माझ्या अंगात तीस वर्षांनी वारं शिरलं. मी बाकड्यावरून उठलोच. म्हणालो, "सगुणाबाई, नाटकात नट भाषण विसरला की त्याला कोण वाचवतं?"

"मला काय ठावं? मी कवा नाटक बगितलं? तुमी आत रडत व्हते तवा मी तंबूभाईर भजी तळत व्हते."

मी तिला प्रॉम्प्टर म्हणजे काय ते सांगितलं. तो कुणाला दिसत नाही, पण नाटक त्याच्या जिवावर उभं असतं. तसा मी तिच्या मागे उभा राहीन. नाक माझं, तोंड तिचं; रोज तिच्याजवळ बसून तेलाचा वास मलाही कळतो, तो मी तिच्या खांद्यावरून घेईन. तेल खराब असलं तर मी एकदा खोकेन. मधलं असलं तर दोनदा. चांगलं असलं तर गप्प राहीन.

सगळ्यात मोठी चूक मी तिथेच करून ठेवली. चांगल्या तेलाला खूण ठेवली नाही. माझं गप्प राहणं हीच 'चालंल'ची खूण. मुरलेल्या प्रॉम्प्टरनं असं कधी करू नये. गप्प बसण्याचे अर्थ दोन होतात, मी गप्प आहे, किंवा मी जागेवर नाही.

दुसरी अडचण वेळेची होती. पूर्वी ती माशी हाकलल्यासारखं हुंगायची. आता माझ्या खोकल्यासाठी थांबणं भाग होतं. म्हणून मी तिला थांबायला शिकवलं. तांब्या दोन्ही हातांत घ्यायचा. डोळे मिटायचे. हनुवटी जरा वर. श्वास आत, आणि मग थांबायचं. लोक थांबण्यावर भाळतात, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. चार संध्याकाळी तालीम केली. ती आधी हसायची, "मास्तर, मला द्येव अंगात आल्यासारखं वाटायलंय," म्हणायची. पण शिकली. फार छान शिकली.

त्यानंतरच्या पाच-सहा सप्त्यांत काय परिणाम झाला म्हणून सांगू! सगुणाबाई डोळे मिटायची आणि पिंपाभोवती चिडीचूप व्हायचं. बाया एकमेकींच्या कानात कुजबुजायच्या, आता हिचं नाक लयच पोचलं बाई. एकदा परतीच्या जीपमध्ये ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "खरं हुंगत व्हते तवा कुनी बगत बी नव्हतं." मी त्यावर मोठ्यानं हसलो होतो. ती हसली नव्हती, हे मला नंतर आठवलं.

दीड वर्ष निभावलं. मग तो दिवस आला. गाव गोदावरीच्या पलीकडचं; नाव मुद्दाम सांगत नाही. दुपारचे बारा. देवळापुढे मंडप, मंडपाच्या कडेला पिंप, पिंपाशी सगुणाबाई आणि तिच्या खांद्यामागे मी. बायांची ओळ लागलेली. दोन तांबे मी खोकून परत पाठवले. सगळं सुरळीत चाललं होतं.

तेव्हा तीन-चार म्हातारे माझ्याकडे आले. तरुणपणी त्यांनी आमच्या कंपनीची नाटकं पाहिलेली. एकानं मला निरखून बघितलं आणि विचारलं, "तुमी राजाचं काम करायचे न्हवं का? राज्य सोडून जायाच्या येळचं ते भाषन?" मी म्हटलं, आता कुठलं आठवतंय. दुसरा म्हणाला, "व्हऊन जाऊ द्या मास्तर, मरायच्या आदी एकडाव कानावर पडू द्या." मी पुन्हा नको म्हटलं. तिसऱ्यांदा मला नको म्हणता आलं नाही. ते मला दहा पावलं दूर, मंडपाच्या खांबापाशी घेऊन गेले. पिंपाकडे माझी पाठ झाली. मी पहिलं वाक्य उच्चारलं आणि मला कळलं की आवाज अजून आहे. माणसं जमायला लागली.

त्याच वेळी पिंपाशी भागवत आला. भागवत म्हणजे गावातला मोठा शेतकरी, सप्त्यातला पुढाकारी, मनानं चांगला माणूस. त्याच्या खांद्यावर पंधरा किलोचा डबा होता, डब्याला हळदीकुंकू लावलेलं. चार महिन्यांपूर्वी त्याच्या मुलीचं लग्न झालं होतं. त्या लग्नात पुऱ्या तळून उरलेलं तेल त्या डब्यात होतं. लग्नाच्या कढईतलं तेल शुभ. ते टाकायचं नाही, आणि देवाच्या पंगतीला लावलं तर लेकीचा संसार गोड होतो, अशी त्याच्या घरात आणि आमच्याकडे बऱ्याच घरांत समजूत आहे. त्यानं ते नव्या पांढऱ्या कापडातून तीनदा गाळलं होतं, डबा भरायला वर ताजं तेलही घातलं होतं. रंग छान पिवळा. लबाडी अजिबात नव्हती. त्यानं ते तेल देवासारखं जपलं होतं.

पुढचं मला मनकर्णानं सांगितलं. ती त्या दिवशी पिंपात तेल ओतण्याच्या कामावर होती. सगुणाबाईनं डब्यावर तोंड नेलं. डोळे मिटले. हनुवटी वर केली. थांबली. इतकी थांबली की भागवत हसून म्हणाला, "आक्का, डोळा लागला का काय?"

तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "चालंल."

खांबापाशी माझं भाषण त्याच सुमारास संपलं असणार. टाळ्या मोठ्या झाल्या होत्या.

तेल तापल्यावर बारीक फेस चढला, तो पुऱ्या तळणाऱ्यांनी पाहिला होता. पण सगुणाबाईनं हुंगलेलं तेल म्हटल्यावर कोण कशाला बोलेल? तिसऱ्या प्रहरापासून लोकांना उलट्या सुरू झाल्या. पस्तीस-चाळीस माणसं. बहुतेक संध्याकाळपर्यंत सावरली. सरजाबाई नावाची ऐंशीच्या घरातली म्हातारी सावरली नाही, तिला तालुक्याला नेऊन दोन दिवस सलाइन लावावं लागलं. मीही त्या पुऱ्या खाल्ल्या होत्या. मला काही झालं नाही. ते मला अजून बोचतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढे गाव जमलं. मी आणि सगुणाबाई मुक्कामाला तिथेच होतो. भागवतचं पोट धरलेलं, तोंड उतरलेलं. तो म्हणाला, "माझा डबा आक्काच्या नाकाखालून गेला. वाईट असता तर ती बोलली नसती का?" आणि सगळ्यांना ते पटलं. मग दोष कुणाचा? कुणीतरी बन्सीधरचं नाव घेतलं. बन्सीधर गावातला किराणा दुकानदार. पुष्कळ घरांनी त्याच्याकडूनच तेलाच्या पिशव्या आणल्या होत्या.

"भेसळ हाय त्याच्या पिशव्यांत."

"मायला, द्येवाच्या पंगतीत बी इमान न्हाई ह्याला!"

"चला रे, दुकानच उलथं करू त्याचं."

आठ-दहा जण उठले. बन्सीधर तिथेच पायरीवर उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि तो नुसते हात हलवत होता.

सगुणाबाई उठली. पदर सारखा केला. आवाज चढवला नाही.

"दुकानावर जाऊ नगा. मला वास यीत न्हाई."

कुणाला काही कळलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं. "कोरोना झाला तवापासून यीत न्हाई. भागवतचा डबा मी वास न घेता पास केला. बन्सीधरचा काय बी दोष न्हाई."

मग बाया सुटल्या.

"नाक घरी ठिवून द्येवाच्या दारी आलती व्हय गं?"

"आन् पयली पुरी मातर गपागप खाल्ली!"

एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मंग दीड-दोन वर्सं तू सांगत कशी व्हतीस? बरोबर तर निघत व्हतं."

हाच तो प्रश्न. त्याचं उत्तर खांबाला टेकून उभं होतं. सगुणाबाईनं माझ्याकडे बघितलं नाही. रिकाम्या पिंपाकडे बघत ती म्हणाली, "अंदाजानं."

आणि मी काही बोललो नाही. बोलता येत नव्हतं असं नाही. आदल्या दिवशी तिथेच राजाचं अख्खं भाषण बोललो होतो.

पुढचं साधं आहे. सप्त्यांची बोलावणी बंद झाली. तांबे घेऊन येणारे हॉटेलवाले यायचे थांबले. महिनाभर तिच्या भज्यांनाही गिऱ्हाईक नव्हतं; मग हळूहळू आलं, कारण भजी चांगली होती. तिच्याकडून कधी शब्द आला नाही. मी बाकड्यावर जाऊन बसायचो, ती कागदावर दोन मिरच्या ठेवून पुढे करायची. आधी ठेवायची तशाच.

वर्षभर मी तो घास गिळत होतो. मग ठरवलं, त्याच गावात जायचं, त्याच सप्त्यात, आणि सगळं सांगायचं.

गेलो. कीर्तन संपलं, पंगत बसायची होती. मी परवानगी मागितली आणि उभा राहिलो. खरंच सांगतो, मी साधंच बोलायचं ठरवलं होतं. करार सांगितला, खोकला सांगितला, खांब सांगितला, टाळ्या सांगितल्या. पण दोन वाक्यं झाली आणि आवाजानं आपली जुनी वाट धरली. कुठे हळू व्हायचं ते त्याला पाठ होतं. 'त्या बाईनं माझं नाव घेतलं नाही' इथे मी थांबलो, आणि डोळ्यांत पाणी आलं ते नेमकं त्या थांबण्यात आलं. ते खरं पाणी होतं. तरी ते वेळेवर आलं.

बाया डोळे पुसत होत्या. भागवतनं येऊन मला मिठी मारली. गेल्या वर्षी ज्यानं भाषण मागितलं होतं तो म्हातारा काठी टेकत उठला आणि म्हणाला, "काय मन हाय मास्तर तुमचं! गरीब बाईवरचा आळ आपल्या अंगावर घेतला. कलावंत मानूस हाय बाबा."

मी ओरडून म्हणालो, "अहो, आळ नाही, खरं आहे!"

त्यावर टाळ्या पडल्या.

माझ्या खांद्यावर शाल घातली. हातात नारळ दिला. पंगतीत वर नेऊन बसवलं आणि पहिली पुरी माझ्या ताटात वाढली. सगळं गाव बघत होतं. मी ती खाल्ली.

आता हे लिहितानाही भीती आहे, वाचून कुणीतरी म्हणेल, मास्तरांनी काय छान लिहिलंय. तसं म्हणू नका.

दुसऱ्या दिवशी मी सोनपेठला येऊन सगुणाबाईला सगळं सांगितलं. बाकड्यावर बसलो नाही, भट्टीसमोर उभाच राहिलो. ती पीठ कालवत होती. मध्ये एकदा तिनं विचारलं, "शाल कुठाय?"

"घरी."

"चांगली हाय का? का तसलीच, दोन धुन्यात जानारी?"

"सगुणाबाई, मी काय सांगतोय—"

"ऐकायलेय की." तिनं पिठाचा ठिपका तेलात टाकला, फेस बघितला, आच कमी केली. "मास्तर, त्या दिवशी तुमी मागं न्हाईत हे मला ठावं व्हतं. तुमचा आवाज यीत व्हता मला. राजा बोलायला लागलाय, आता ह्यो कशाचा खोकतोय, हे मला कळलं व्हतं. डबा बाजूला ठिवा म्हनता आलं असतं. भागवत पुढं उभा, मागं ओळ. मी म्हनले, चालंल. ते माझं हाय. ते तुमी भाषनात कशाला घेतलं?"

तिनं चार मिरच्या सोडल्या, उलटल्या, काढल्या. मी विचारलं, "मग माझं जे आहे त्याचं मी काय करू? कुणाला सांगू?"

तिनं झारा कढईच्या काठावर ठेवला.

"सरजाबाईच्या घरी जावा," ती म्हणाली. "एकलेच जावा. तिला ऐकाया लय कमी येतं, चारदा सांगावं लागंल."